चौकातले हात आणि चित्रनगरी : एक खुले पत्र

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ मर्यादित,
दादासाहेब फाळके चित्रनगरी, गोरेगाव (पूर्व), मुंबई.

विषय : हातनोलीचा स्टुडिओ, संगणकावरचे सेट आणि खालापूर-कर्जतचे कारागीर.



एन. डी. स्टुडिओ आता महामंडळाच्या ताब्यात आला आहे, म्हणून हे पत्र आपल्या नावे. तो खासगी होता तेव्हा लिहून उपयोग नव्हता. खासगी मालक हिशेबाची वही पुढे करतो आणि विषय संपतो. सरकारी महामंडळाला तसं करता येऊ नये, एवढ्याच समजुतीवर पुढचं लिहितो आहे.

आधी पत्ता दुरुस्त करतो. सगळीकडे ‘कर्जतचा एन. डी. स्टुडिओ’ असं छापून येतं. स्टुडिओ आहे हातनोलीत, चौकजवळ, म्हणजे खालापूर तालुक्यात. कर्जतला जंक्शन आहे, फार्महाउसं आहेत, मुंबईकरांच्या तोंडी ते नाव बसलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण उद्या ‘स्थानिकांना प्राधान्य’ असा एखादा ठराव झालाच, तर त्यात कोणता तालुका लिहायचा हे माहीत असलेलं बरं.

मी या पट्ट्यातल्या शाळांत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना दरवर्षी दोन-चार पोरं अशी निघायची, की त्यांचा हात बघून आपण गप्प बसावं. त्यांचं पुढे काय व्हायचं? जे. जे. स्कूल ऑफ आर्टपर्यंत जाणारा विरळा. बाकीच्यांचं ‘अ’ श्रेणीचं प्रमाणपत्र भिंतीवर फ्रेममध्ये लागायचं आणि पोरगा रसायनी-पाताळगंगेच्या कुठल्या तरी कारखान्यात हेल्पर म्हणून लागायचा. २००५ मध्ये नितीन चंद्रकांत देसाईंनी इथे स्टुडिओ उभारला आणि पहिल्यांदाच या हातांना गावाजवळ काम मिळालं. दापोलीत जन्मलेला, ‘तमस’ मालिकेच्या काळात सहायक म्हणून या धंद्यात शिरलेला माणूस. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’, ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’ आणि ‘देवदास’ या चार चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. अशा माणसानं खालापूरच्या माळावर ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला उभा केला, तेव्हा आमच्याकडची पोरं त्याच्या भिंतींना दगडाचा रंग देत होती.

प्लायवर दगड रंगवणं म्हणजे काय, ते कार्यालयात बसून कळणार नाही, म्हणून थोडं सांगतो. आधी लाकडी चौकट, तिच्यावर प्लाय किंवा कंतान, त्यावर पीओपीचा थर. नक्षी असेल तर साचा. पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत साच्याचं काम शिकलेला माणूस इथे महिन्याभरात मोल्डर व्हायचा. मग रंग. एक सरळ हात दिला की ती भिंत भिंतच राहते. पिवडी, काव, काजळी, पुन्हा पातळ पांढरा, ओल्या रंगावर स्पंज, सुकल्यावर पॉलिशपेपर. पाऊस कुठून झिरपला असेल, हात लागून कुठली कड गुळगुळीत झाली असेल, शेवाळ कुठल्या बाजूला धरेल, याचा विचार करत भिंत जुनी करायची. शाळेत मी छायाप्रकाश शिकवला; तो पोटाला लागतो हे त्या पोरांनी मला दाखवलं.

आता संगणक. संगणकानं एका झटक्यात काम हिरावलं, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उलट सुरुवातीला काम वाढलं. फिल्मवर जे खपून जायचं ते एचडी आणि पुढे फोर-के कॅमेऱ्यात उघडं पडायला लागलं. ब्रशचा फटकारा दिसतो, प्लायचा जोड दिसतो, म्हणून पुन्हा रंगवा. पोरांना जादा शिफ्ट मिळाल्या. मग क्रोमा आला. क्रोमा म्हणजे तो हिरवा पडदा. तेव्हापासून सेटची उंची कमी होत गेली, आणि माझं सगळं म्हणणं या उंचीबद्दल आहे. पूर्वी बुरूज वरपर्यंत बांधला जायचा. क्रोमा आल्यावर नटाचा हात पोहोचेल त्याच्या थोडं वरपर्यंतच, दहा-बारा फूट, सेट खरा. त्याच्या वरचा किल्ला गोरेगाव-अंधेरीच्या एखाद्या व्हीएफएक्स स्टुडिओत बसलेला मुलगा चढवणार. इथला सुतार एक मजला बांधायचा, उरलेले चार तो मुलगा. मजुरीही त्याच प्रमाणात वाटली गेली.

त्यानंतर एलईडीची भिंत. २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ या अमेरिकी मालिकेनं ती जगाला दाखवली : सुमारे २० फूट उंच, अर्धवर्तुळाहून जास्त वळलेली, व्हिडिओ गेमच्या इंजिनावर चालणारी. कॅमेरा हलला की मागचं दृश्य त्याच्याबरोबर हलतं. वाळवंट पडद्यावर, पायाखालची वाळू मात्र आणून टाकलेली. आणि आता ऑक्टोबर २०२५ मध्ये जिओहॉटस्टारवर ‘महाभारत : एक धर्मयुद्ध’ आलं, कृत्रिम बुद्धिमत्तेनं तयार केलेलं. हस्तिनापूरचा दरबार आहे, रथ आहेत, सैन्य आहे; सुतार कुठेच नाही. २००८ मध्ये स्टार प्रवाहवरच्या ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेसाठी याच स्टुडिओत दरबार, महाल, तट उभे राहिले होते. त्यात भालदार-चोपदार म्हणून उभी राहिलेली आमची पोरं अजून तो भाग मोबाइलवर काढून दाखवतात.

म्हणजे सेटची उंची बुरुजापासून बारा फुटांपर्यंत, बारा फुटांपासून जमिनीपर्यंत आणि आता काही कामांत शून्यावर आली आहे. या उतरत्या उंचीवर काय करायचं, याचा महामंडळानं काही विचार केला आहे का, हा माझा प्रश्न.

जुनं ते सोनं म्हणत बसायला मी लिहीत नाही. लाकूड-प्लायचा संसार किती नाशवंत असतो ते आम्ही पाहिलं आहे. मे २०२१ मध्ये स्टुडिओत आग लागली आणि ‘जोधा अकबर’चा सेट तिच्यात गेला. शिवाय एवढ्या जागेचा, एवढ्या बांधकामाचा बोजा एका माणसाला किती पेलवतो, हेही पाहिलं. २ ऑगस्ट २०२३ ला नितीनजी गेले. त्यावर बोलण्याचा अधिकार त्यांच्या घरच्यांचा. एवढंच सांगतो की त्याआधी पंधरा दिवसच, १९ जुलैच्या रात्री, चौकजवळच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती. चौकात ओबी व्हॅन लागोपाठ दोनदा आल्या. ड्रोन उडाले, चॅनेलवाल्यांनी इर्शाळगडाकडे तोंड करून बोलून घेतलं, आणि ऑगस्ट संपायच्या आत सगळे गेले. इथल्या माणसाला त्यामुळे कॅमेऱ्याबद्दल फार भाबडेपणा उरलेला नाही.

तंत्रज्ञानाच्या वळणावर कोण वाचतं आणि कोण राहून जातं, याचं दुसरं उदाहरणही आमच्याच तालुक्यात आहे, आणि त्याची मुळं आपल्या आवारात आहेत. १९७८ मध्ये मनमोहन शेट्टी आणि वसनजी मामानिया यांनी ॲडलॅब्ज काढली. गोरेगावच्या चित्रनगरीतली ती प्रयोगशाळा फिल्म धुऊन, प्रिंट काढून मोठी झाली. एका चित्रपटाच्या शेकडो प्रिंट, पत्र्याच्या डब्यांतून गावोगावच्या थिएटरांत जाणाऱ्या. मग उपग्रहावरून आणि हार्डडिस्कवर सिनेमा पोहोचवणाऱ्या कंपन्या आल्या. २०१२ च्या जानेवारीत अमेरिकेत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१३ मध्ये फुजीनं सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. शेट्टी त्याच्या कितीतरी आधी या धंद्यातून बाजूला झाले होते आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी खालापूर तालुक्यात, सांगडेवाडीला, ॲडलॅब्ज इमॅजिका उघडली. ज्या वर्षी फुजीनं फिल्म बंद केली, त्याच वर्षी फिल्म धुणाऱ्या कंपनीचं नाव पाळण्यांच्या बागेवर लागलं. पुढे तिथेही कर्ज झालं, २०२२ मध्ये बाग मालपाणी समूहाकडे गेली, ते वेगळं. शेट्टींना वाऱ्याची दिशा कळली याचं मला कौतुकच आहे. पण प्रिंटिंग मशीनवर उभं राहणाऱ्या, रसायनाच्या टाक्या सांभाळणाऱ्या माणसाकडे दुसरीकडे बाग काढायला पैसे नसतात. त्याचं काय झालं याची नोंद कुणी ठेवली नाही. मोल्डर आणि पेंटरच्या बाबतीत ती ठेवावी लागू नये, म्हणून हे पत्र.

पैसा नाही, असं कृपया सांगू नये. फिक्की आणि ईवाय यांच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ मध्ये डिजिटल माध्यमांनी देशात पहिल्यांदा टीव्हीला मागे टाकलं. माध्यम-मनोरंजनाच्या एकूण सुमारे अडीच लाख कोटी रुपयांच्या उलाढालीत त्यांचा वाटा ३२ टक्के. मे २०२५ मध्ये मुंबईत वेव्हज परिषद झाली. सृजनशील तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था मुंबईत आली आणि तिच्या कायमच्या संकुलासाठी गोरेगावच्या चित्रनगरीतली जागा ठरली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगच्या धोरणाला मंजुरी दिली, २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटींचा आराखडा. हे सगळं वाचून मी नकाशा काढला. या सगळ्याची ठिकाणं मुंबईतच : पेडर रोड, बीकेसी, गोरेगाव. गोरेगाव ते चौक हे अंतर फार नाही. पण धोरणाच्या कागदावर ते कापलं जात नाही.

आता मागण्या. पहिली आणि मोठी मागणी ही की हातनोलीची जागा भाड्याचं मैदान करू नका. ४० एकरांहून मोठी जागा, घाटाखालची हवा, मुंबई हाताशी. लग्नं, इव्हेंट, सहली यांतून ती सहज चालेल आणि ताळेबंदही बरा दिसेल. सहलीला आलेल्यांनी सेटसमोर फोटो काढायलाही ना नाही. पण त्या मैदानाच्या एका भागात एलईडीचा मंच उभा राहू द्या, आणि त्याला चिकटून सुतारकाम-साचाकाम-रंगकामाची कार्यशाळा. दोन्ही एकाच छपराखाली, हे महत्त्वाचं. कारण एलईडी भिंतीसमोर जमीन, पायरी, खांब, दरवाजा खराच लागतो, आणि पडद्यातल्या दगडाशी पुढचा खरा दगड रंगानं, ओलाव्यानं, प्रकाशानं जुळला नाही तर सगळं सोंग उघडं पडतं. ती जुळणी करायला ज्याच्या डोळ्याला काजळी आणि काव यांतला फरक कळतो असा माणूस लागतो. तो आमच्याकडे आहे. त्याला थ्री-डी स्कॅन कसं घ्यायचं, पडद्यावरचा पोत कसा बदलायचा, हे शिकवा. सॉफ्टवेअरचे मेनू इंग्रजीत असतात; शिकवणं मराठीत असावं. दहावीनंतर आयटीआयला जाणाऱ्या मुलामुलींना परवडेल अशी फी असावी, आणि ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या मुलांना ती नसावीच. धोरणात शहरांसाठी जे आखलं आहे त्याचा छोटा तुकडा इथे द्या.

आणि हे लवकर करा. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग येतो आहे, त्यावर चौक हे स्टेशन आहे. गाडी सुरू झाली की मुंबईचा कारागीर सकाळी येऊन रात्री घरी जाईल. ‘जवळ राहतो म्हणून बोलावला’ ही आमच्या माणसाची एकुलती पात्रता तेव्हा संपेल.

दुसरं, नितीनजींच्या हाताखाली तयार झालेली रेखाटनं, छोट्या प्रतिकृती, साचे यांतलं जे काही आजही आवारात असेल, त्याची नोंद आणि स्कॅन व्हावं. बाबूराव पेंटरांपासून मराठी सिनेमाचा पाया कलाकारांनी घातला, असं आपण भाषणांत सांगतो; त्या कलाकारांचे किती सेट आज कागदावर तरी शिल्लक आहेत? एकदा स्कॅन झालं की ते कला महाविद्यालयांना आणि शाळांच्या चित्रकला वर्गांना खुलं ठेवा. मात्र कुठल्याही कंपनीला कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायला ते घाऊक विकू नका. त्या रेषांवर देसाई कुटुंबाचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हक्क काय, हे आधी ठरवा.

तिसरी मागणी कदाचित आपल्याला अवास्तव वाटेल. ऐतिहासिक मालिकेत गर्दी लागते. मावळे, गावकरी, मोगलांची फौज. इथल्या वाड्यांवरून पोरं टेम्पोत भरून आणली जातात, दिवसभर उन्हात भाले धरून उभी राहतात, संध्याकाळी रोज घेऊन जातात. आता पन्नास जणांना उभं करून पाच हजार करता येतात. उद्या त्या पन्नासांचे चेहरे एकदा स्कॅन केले की पुन्हा बोलावायचीही गरज नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये नटांची संघटना ११८ दिवस संपावर होती. त्या भांडणात हा एक कळीचा मुद्दा होता, आणि शेवटी गर्दीतल्या नटाचीही डिजिटल प्रतिकृती करायची तर त्याची संमती आणि मोबदला करारात आला. आमच्या कातकरी पोराला संघटना नाही. पण जागा महामंडळाची आहे. या आवारात कुणाचाही चेहरा किंवा शरीर स्कॅन करायचं तर मराठीत छापलेला, वाचून दाखवलेला संमतीचा कागद हवा आणि वेगळा मोबदला हवा, एवढी एक अट भाडेकरारात घाला. तिला विधिमंडळाची मंजुरी लागत नाही.

पैशांबद्दल. मालिकांच्या धंद्यात ९० दिवसांनी पैसे द्यायची रीत आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. माझ्या एका विद्यार्थ्यानं एका निर्मितीसंस्थेच्या सेटवर पावसाळाभर मोल्डिंग केलं. दिवाळी गेली तरी त्याचे पैसे कंत्राटदार, कलादिग्दर्शक आणि हिशेबनीस यांच्यात फिरत होते. त्याच सेटच्या फाटकावरच्या टपरीवाल्याला दहा रुपयांच्या चहाचे पैसे क्यूआर कोडवर चहा ओतायच्या आत मिळत होते. जो उद्योग एका भिंतीवर वाळवंट आणू शकतो, त्याला हजेरीपटावरचे पैसे आठवड्याला खात्यात टाकणं अवघड आहे, यावर माझा विश्वास नाही. आपल्या आवारात चित्रीकरण करणाऱ्या प्रत्येकाकडून कारागिरांच्या मजुरीची अनामत घ्या आणि मजुरी चुकती झाल्यावरच परत करा.

श्रेयनामावलीबद्दलही एक ओळ. पूर्वी सिनेमागृहात निदान दिवे लागेपर्यंत नावं वर सरकायची. आता मोबाइलवर नावं सुरू झाली की कोपऱ्यात पुढच्या भागाचं बटण येतं आणि काही सेकंदांत पुढचा भाग सुरू. मोल्डर, पेंटर, सुतार यांची नावं मुळातच क्वचित असतात. आता असली तरी कुणाला दिसत नाहीत. ते बटण आपल्या हातात नाही, मान्य. स्टुडिओची भिंत मात्र आहे. इथे झालेल्या प्रत्येक कामाच्या कारागिरांची नावं आवारात लावा. सहलीला येणारे वाचतील, आणि एखाद्या कारागिराची पोरगी आपल्या बापाचं नाव शोधेल.

युनियनच्या कार्डाचा प्रश्नही आहे. कार्डाशिवाय मोठ्या सेटवर उभं राहू देत नाहीत आणि गावातल्या पोराला ते परवडत नाही. त्यात मी फार शिरत नाही. संघटनांची बाजू मला कळते. त्यांनी भांडून मिळवलेलं राखायला नको का? महामंडळानं मध्यस्थी करून शिकाऊ कारागिरांसाठी काही सवलतीची सोय होते का, एवढं पाहावं.

शेवटी बैठकीबद्दल. या विषयांवर चर्चा होईलच, तर ती गोरेगावला किंवा मंत्रालयात ठेवू नका. आमच्या माणसाचा एक रोज बुडतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत बैठक आटोपलेली असते. स्टुडिओतच ठेवा, रविवारी, आणि हातनोली, चौक, खालापूर, कर्जतच्या ग्रामपंचायतींत व शाळांत आठ दिवस आधी नोटीस लावा. व्हीएफएक्सचं काम करणारी दोन-चार तरुण मंडळीही बरोबर आणा. आमच्या सुतारांना त्यांच्याशी बोलायचं आहे, भांडायचं नाही. बारा फुटांच्या वरचा किल्ला ते कसा बांधतात, हे त्यांना खरंच पाहायचं आहे. इतिवृत्त मराठीत लिहा आणि त्याची एक प्रत शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
चौक, ता. खालापूर, जि. रायगड.